पुन्हा चेष्टा करा

“अगं बाई, उघड की एकदाची!” मी त्या कॉम्प्युटरला म्हणाले.

“ती नाही उघडणार,” मागून कुणीतरी म्हणालं. “अकराच्या आधी तो कुणाचाच ऐकत नाही.”

मराठीत! मी गर्रकन वळले. मागे एक तरुण उभा होता. हातात परत आलेल्या पुस्तकांची चळत, बाहेर चांगलं बावीस अंश तापमान असूनही गळ्यात मफलर, आणि चेहऱ्यावर आपण मध्येच बोलायला नको होतं असे भाव.

“तुम्ही मराठी?” मी विचारलं.

“हो… म्हणजे घरात.”

“आणि बाहेर?”

“बाहेर कुणी विचारत नाही,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या हातातली पुस्तकं घसरली. तीन मी झेलली, एक माझ्या पायावर पडलं. चांगलं जाडजूड होतं.

मी नूपुर पटवर्धन. सेक्टर फाइव्हमधल्या एका छोट्या कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे लोक जे बनवतात त्यात खोट काढणं हा माझा धंदा. दोन वर्षांपूर्वी बाबांची रेल्वेत इकडे कोलकात्याला बदली झाली, गार्डन रीचला क्वार्टर मिळालं, आणि मीही पुण्याची नोकरी सोडून आई-बाबांबरोबर आले. सॉल्ट लेकमधल्या या कॉलेजच्या लायब्ररीत चाळीस जुने कॉम्प्युटर होते. त्या सगळ्यांवर एकच ब्राउझर ठेवायचा होता. कुठला ठेवायचा, ते मी ठरवून द्यायचं होतं. वेग कुणाचा जास्त, खाजगीपणा कोण सांभाळतं, सोयी कुणाकडे बऱ्या. चार दिवसांचं काम आहे, असं आमचे साहेब म्हणाले होते.

आणि तो केयूर लिमये, तिथला असिस्टंट लायब्ररियन. आजोबा नोकरीसाठी कोलकात्यात आले ते इथलेच झाले. केयूरचा जन्म इथला, शाळा इथली, मित्र इथले. त्याच्या मराठीत शब्द बहुतेक सगळे होते, फक्त लिंगं आपापल्या जागा सोडून हिंडत असत. बंगालीत ती भानगडच नाही ना!

“तो खिडकी लावू का? ऊन येतोय तुमच्या स्क्रीनवर,” त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

“ती खिडकी. आणि ऊन येतं.”

“खिडकीत तुम्हाला मुलगी कुठे दिसते?” त्यानं अगदी मनापासून विचारलं. “दरवाजा मुलगा, खिडकी मुलगी… हे कुणी ठरवलं?”

मी म्हटलं, “लावा ती.” दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर बसायच्या आधीच ती लावलेली होती.

*

तुलना करायला तीन ब्राउझर होते. नावं सांगितली की लोक आपापल्या आवडीचाच निवडतात, म्हणून मी त्यांना अ, ब, क म्हणायचं ठरवलं होतं. केयूरला ते फार रुक्ष वाटलं.

“त्यापेक्षा असं करू. हा पळतोय तो मेट्रो. हा हळू, पण कुणाच्या अध्यामध्यात नाही… तो ट्राम. आणि हा ज्याच्यात सारखं काहीतरी उघडतंय, कुणीतरी ओरडतंय, हा मिनीबस.”

“ट्राम ती.”

“ट्राम ती,” त्यानं शिस्तीत म्हटलं.

अहवालात मी अ, ब, क लिहिलं, पण माझ्या वहीत मेट्रो, ट्राम आणि मिनीबस हेच राहिलं. प्रत्येक पान प्रत्येक ब्राउझरमध्ये तीनदा उघडायचं, तिन्ही वेळा मोजायच्या आणि मधली धरायची, ही माझी पद्धत. एकदा जमलेलं मी खरं मानत नाही. केयूर स्टॉपवॉच धरून शेजारी उभा राहायचा. त्याची खरं तर काहीच गरज नव्हती, मोजायचं काम कॉम्प्युटर स्वतःच करत होता. हे मी त्याला सांगितलं नाही.

कोरी असताना मेट्रो सगळ्यांत चपळ होती. दहा टॅब उघडले, की त्या बिचाऱ्या जुन्या कॉम्प्युटरची अर्ध्याहून जास्त मेमरी एकटीच खायची आणि मग सगळंच गारठायचं. मिनीबसमध्ये सोयी भरपूर… पान वाचून दाखव, चित्र काप, भाषांतर कर… पण त्या सोयी शोधता शोधता मूळ काम विसरायला व्हायचं. ट्राम उघडायला दीड सेकंद जास्त घ्यायची, पण पाठलाग करणारे धागेदोरे आपणहून अडवायची. कुठल्या साइटवर आपल्या मागावर किती जण असतात, ते मी केयूरला एका बातम्यांच्या पानावर मोजून दाखवलं. एकतीस निघाले.

“एकतीस जण मी काय वाचतो ते बघतात?” तो म्हणाला. “आणि मी इथे सहा वर्षं आहे, एक जण विचारत नाही.”

“मी विचारते ना. काय वाचता?”

तो कानापर्यंत लाल झाला. का, ते मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

हो, तिसऱ्या आठवड्यात. चार दिवसांचं काम मी तोपर्यंत व्यवस्थित लांबवलं होतं. साहेबांना सांगितलं, अचूकतेसाठी. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी शर्मिष्ठादी मात्र माझ्याकडे बघून नुसतं “हूं” म्हणाली.

त्या दिवशी केयूरच्या टेबलावरचा कॉम्प्युटर तपासायचा होता. पट्टीत ‘पुस्तक’ शब्द टाइप करायचा आणि निकाल किती वेळात येतात ते बघायचं. मी ‘पु’ लिहिलं मात्र, खाली जुन्या शोधांची यादी उघडली.

पुण्याच्या मुलींना कोलकाता आवडतं का

पुण्याच्या मुलींना काय खायला आवडतं

पुण्याच्या मुली जास्त बोलतात का कमी

मी वाचत असताना तो मागे येऊन उभा राहिला. श्वास अडकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“हा… हा विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी…” तो म्हणाला.

“तुमच्या टेबलावर? तुमच्या पासवर्डनं?”

“हुशार विद्यार्थी आहेत इथले.”

मला हसू आवरेना. “अशा गोष्टी खाजगी खिडकीत शोधायच्या असतात, केयूर. तिथलं नंतर इथे काही उरत नाही.”

“मग कुणालाच कळत नाही?”

“असं नाही. या कॉम्प्युटरवर नोंद राहत नाही एवढंच. ज्या साइटवर गेलात तिला कळतं, ज्या नेटवर्कवरून गेलात त्याला कळतं.”

त्यानं जरा विचार केला. “म्हणजे घरच्यांना सोडून सगळ्यांना कळतो.”

“कळतं. हो, तसंच.”

“आपल्या चहासारखं,” तो हळूच म्हणाला.

रोज चार वाजता आम्ही फाटकाबाहेर चहा प्यायला जायचो, त्याबद्दल तो बोलत होता. मी स्क्रीनकडे तोंड फिरवलं. ‘पुस्तक’ शब्दाची दुसरी आणि तिसरी वेळ मी त्या दिवशी मोजलीच नाही. वहीत तो रकाना अजून रिकामा आहे.

“आणि उत्तर?” फाटकापाशी त्यानं विचारलं.

“कशाचं?”

“जास्त बोलतात का कमी?”

“कमी,” मी म्हटलं. “माणूस बघून.”

*

डिसेंबर संपता संपता, माझं ते ‘अचूकतेचं’ काम अजून चालूच असताना, बाबांचं बदलीचं पत्र आलं. नागपूर. आई पेटारे काढायला लागली. तिला सवयच आहे, सतरा वर्षांत ही सातवी बदली. माझ्या कंपनीचं ऑफिस पुण्यातही होतं, तेव्हा माझं सोपं होतं. एक फॉर्म भरायचा, त्यात दोनच पर्याय, पुणे किंवा कोलकाता. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. एकदा भरलेलं पाचपर्यंत बदलता येईल, त्यानंतर वर्षभर काही नाही.

“पुणे लिही,” आई म्हणाली. “मावशी आहे, तिच्याकडे राहशील. इथे एकटी कुणासाठी राहणार?”

तोच तर प्रश्न होता. कुणासाठी? मला केयूर आवडत होता. अगदी सरळ सांगायचं तर, सकाळी बसमध्ये बसल्यावर आपण त्याच्याकडे चाललोय या विचारानं मला गार्डन रीच ते सॉल्ट लेकचा दीड तासही थोडा वाटायचा. पण तो? दोन महिन्यांत तो एकदाही काही बोलला नव्हता. माझ्यासाठी खिडकी लावायचा, नोलेन गुडाची, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळाची, संदेश मिठाई आणायचा, मराठी शब्द चिठ्ठ्यांवर लिहून पाठ करायचा. पण हे कशात मोजायचं? माणूस स्वभावानं चांगला असला तरी एवढं करतोच. माझ्याकडे आकडा नव्हता.

बुधवारी चहाच्या वेळी मी त्याला बदलीचं आणि शुक्रवारी पाचच्या आत भरायच्या फॉर्मचं सांगितलं. त्याच्या हातातला चहाचा मातीचा कप अर्ध्यावरच राहिला.

“पुणे?” तो म्हणाला.

“बहुतेक.”

तो रस्त्याकडे बघत राहिला. एक बस आली, माणसं उतरली, बस गेली. शेवटी मलाच राहवलं नाही. आयुष्यात इतकं धीट मी कधी बोलले नव्हते.

“केयूर, हे सगळं… संदेश, त्या चिठ्ठ्या, रोजचा चहा… हे काय होतं?”

त्यानं मान खाली घातली.

“चेष्टा,” तो म्हणाला. “दोन महिने मी चेष्टा करत होतो. जमली नाही.”

मला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण त्याचा चेहरा इतका गंभीर होता, की शंकेला जागाच नव्हती. निदान खोटं तरी बोलत नव्हता.

“चेष्टा?”

“हो. रोज.”

माझे कान तापले. टेस्टर म्हणे! समोरची एवढी मोठी खोट मला दोन महिने दिसली नव्हती.

“मला अशी चेष्टा आवडत नाही,” मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं. डोळे पाण्यानं भरल्यासारखे वाटले, पण माझेच भरले असतील. “बरं,” तो अगदी हळू म्हणाला. “मग नाही करणार.”

मी अर्धा चहा तिथेच ठेवून निघून आले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. खिदिरपूर येईपर्यंत मी रडले आणि मग आईला कळू नये म्हणून नाक पुसून सरळ बसले.

गुरुवारी मी लायब्ररीत गेले नाही. शुक्रवारी सकाळी ऑफिसात आल्या आल्या फॉर्म उघडला, ‘पुणे’वर खूण केली आणि पाठवून दिला. मन खिन्न होतं, पण काम ते काम. लायब्ररीचा अहवालही त्याच दिवशी द्यायचा होता.

शिफारस मी ट्रामची केली. चाळीस कॉम्प्युटर, शेकडो मुलं, एकाचं शोधलेलं दुसऱ्याला दिसू नये, हे दीड सेकंदापेक्षा महत्त्वाचं. आता एकच चाचणी राहिली होती. मुलांसाठी ब्राउझर बंगालीत ठेवायचे होते, तेव्हा नेट बंद पडलं तर प्रत्येक ब्राउझर बंगालीत काय म्हणतो, ते नोंदवायचं होतं. चार वाजून गेले होते. मी वायर काढली आणि पान उघडलं. स्क्रीनवर दोन ओळी आल्या. मला बंगाली अक्षरं अजून अडखळत वाचता येतात, आणि त्या दिवशी अडखळण्याएवढा धीरही नव्हता.

“दीदी, जरा पढ़ दो ना, लिखना है,” मी शर्मिष्ठादीला म्हटलं.

ती चष्मा वर करून वाकली. “पाता खोला जाच्छे ना. आबार चेष्टा कोरुन.”

माझं पेन थांबलं. “क्या कोरुन?”

“चेष्टा कोरुन.”

“किसकी?”

“किसकी मतलब? पेज नहीं खुला, तो आबार चेष्टा कोरुन. फिर से कोशिश कीजिए.” तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “चेष्टा मतलब कोशिश. क्यों, तुम लोगों में क्या मतलब है?”

दोन महिने मी कोशिश करत होतो. जमली नाही… असं म्हणाला होता तो! आणि मी काय म्हणाले? मला अशी चेष्टा आवडत नाही. म्हणजे त्यानं ऐकलं काय? तुझं हे प्रयत्न करणं मला आवडत नाही. ‘बरं, मग नाही करणार.’

“नूपुर? तबीयत ठीक है?”

“दीदी, हमारे में चेष्टा मतलब मज़ाक,” मी म्हटलं आणि भर ऑफिसात मला एकदम हसू आणि रडू दोन्ही फुटलं. शर्मिष्ठादीनं क्षणभर हिशोब लावला. मग तिनं माझी पर्स उचलून माझ्या हातात दिली.

पण मी आधी वायर लावली. फॉर्म उघडला. चार चाळीस झाले होते. ‘पुणे’ काढलं, ‘कोलकाता’ केलं, पाठवलं. मग पर्स घेऊन पळाले.

ऑटोत बसल्यावर आईला फोन केला. “आई, मी इथेच राहतेय. कोलकात्यात.”

आईनं विचारलं, “कशासाठी?”

“कामासाठी.”

“बरं,” आई म्हणाली. “नाव काय त्या कामाचं?”

“आई, आवाज तुटतोय,” मी म्हटलं. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

*

केयूर काउंटरवर होता. पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारत होता. मला बघून तो उठला, मग काय करावं न कळून परत बसला.

“चेष्टा म्हणजे काय?” मी धापा टाकतच विचारलं.

“मी… मी पुन्हा नाही करणार, नूपुर. तुम्हाला सांगितलं ना.”

“अर्थ सांग. शब्दाचा.”

मी त्याला ‘तू’ म्हटलेलं त्याच्याही लक्षात आलं. “अर्थ… कोशिश,” तो गोंधळून म्हणाला. “खूप मनापासून कोशिश.”

“ती बंगालीत. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. मस्करी. परवा तू मला सांगितलंस, की दोन महिने तू माझी मस्करी करत होतास.”

त्याच्या हातातला शिक्का हवेत राहिला. चेहऱ्यावरचा रंग गेला, मग आला, मग जास्तच आला.

“पण आमच्या घरी तर सगळे असंच…” तो पुटपुटला. आणि मग एकदम डोळे मोठे झाले. “अरे देवा! बाबांनी सांगलीच्या आत्याला फोन केला होता. म्हणाले, तुझ्या नातवाला नोकरी लागावी म्हणून मी खूप चेष्टा केली. तेव्हापासून ती बाबांशी बोलत नाही! आम्हाला वाटलं, वयामुळे.”

मी हसून हसून काउंटरला धरून उभी राहिले. तोही हसायला लागला, पण मध्येच थांबला.

“म्हणजे तुम्ही म्हणालात ते… आवडत नाही ते…”

“मस्करी आवडत नाही. प्रयत्न आवडतात. शब्द आहे तो, प्रयत्न. आता नीट सांग.”

त्यानं शिक्का खाली ठेवला. मफलर काढला. घाम आला होता बिचाऱ्याला.

“नूपुर, मी दोन महिने प्रयत्न करत होतो… की तुला इथे आवडावं. कोलकाता आवडावं. आणि मग…” तो थांबला. “नाही, कोलकात्याचं सोड. मी आवडावा. मला तू फार आवडतेस. पुस्तक पायावर पडलं ना, तेव्हापासूनच.”

“मलाही,” मी म्हटलं. “मलाही तू आवडतोस. परवा बसमध्ये मी खिदिरपूरपर्यंत रडत होते.”

त्याला ते ऐकून वाईट वाटलं आणि आनंदही झाला, आणि दोन्ही त्याला लपवता आलं नाही. मग त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“फॉर्म!” तो ओरडलाच. “शुक्रवार! पाच वाजले, नूपुर!”

“कोलकाता लिहिलं.”

“कधी?”

“निघायच्या आधी.”

“मला न विचारता?” त्याला विश्वासच बसेना. “आणि मी खरंच मस्करी केली असती तर? पक्कं कुठे माहीत होतं तुला?”

“नव्हतं.”

“मग?”

“मग काय? तुझ्यावर रोज येऊन चिडले असते,” मी म्हटलं. “पुण्यात बसून तुझ्यावर नीट चिडता आलं नसतं.”

काउंटरवरून हात पुढे करून त्यानं माझा हात धरला, पहिल्यांदाच, आणि धरूनच ठेवला. माझ्यामागे दोन मुली पुस्तकं घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांना बराच वेळ थांबावं लागलं.